दोन फितींचे काका

आमचे थोरले काका बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, अन् नाईक म्हणूनच जव्हारला परतले. लोक विचारत, "सुभेदार का नाही झालात?" काका म्हणत, "वरची जागा रिकामी व्हावी लागते. शिक्षणाची परीक्षा, केडर पास व्हावं लागतं. आपण चौथी शिकलेले." नगरच्या नामदेव जाधवांनी 1945 मध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेही हवालदारच राहिले, हे ते आवर्जून सांगत.

खरं कारण काकीनं सांगितलं. केडरला दोनदा नाव आलं. एकदा आजा वारला, एकदा घरी आवणीला माणूस नव्हतं. दोन्ही वेळा ते रजेवर आले. 15 वर्षं भरली, पेन्शन बसली, अन् ते नांगराला लागले. दोन फितींचा शर्ट ट्रंकेतच राहिला.