रिचर्ड्स बे कोळसा लोहमार्ग

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातील कोळसा खाणींना हिंदी महासागरावरील रिचर्ड्स बे बंदराशी जोडणारा, मुख्यतः निर्यातीच्या कोळशासाठी वापरला जाणारा अवजड मालवाहतुकीचा लोहमार्ग. विटबँक (आताचे इमालाहलेनी) परिसरातील खाणींकडून येणारी वाहतूक एर्मेलो येथे एकत्र होते आणि तेथून मार्ग फ्रायहेड व उलुंडीवरून क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यावर उतरतो. खाणी ते बंदर हे अंतर सुमारे ५८० किमी. आहे.

जपानी पोलाद कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी कोळसा पुरवण्याचे ठरल्यावर डर्बन बंदर त्यासाठी अपुरे पडणार हे उघड होते. त्यामुळे नवे खोल बंदर व त्याला जोडणारा लोहमार्ग ही एकच योजना म्हणून आखण्यात आली आणि १९७६ मध्ये दोन्ही सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर वीजनिर्मितीच्या कोळशालाही परदेशी गिऱ्हाईक वाढले. बंदरावरील कोळसा धक्का खाणमालक कंपन्यांच्या मालकीचा, तर लोहमार्ग सरकारी (आता ट्रान्सनेट या सरकारी महामंडळाकडे) अशी विभागणी प्रारंभापासून आहे. धक्क्याची मूळ क्षमता वर्षाला १·२ कोटी टन होती, ती टप्प्याटप्प्याने ९·१ कोटी टनांपर्यंत नेण्यात आली. बंदराच्या उभारणीसाठी स्थानिक झुलू वस्त्या हलवण्यात आल्या.

या मार्गाचे अभियांत्रिकीय महत्त्व त्याच्या मापीत आहे. मापी म्हणजे दोन रुळांमधील अंतर. येथे ते १,०६७ मिमी., म्हणजे भारतातील मीटरमापीपेक्षा जेमतेम ६७ मिमी. जास्त आहे. एवढ्या अरुंद मार्गावर अवजड गाड्या चालवणे अव्यवहार्य ठरेल, हा समज येथे खोटा ठरला. प्रचलित जंबो वाघिणीचे स्वतःचे वजन २० टन असून तीत ८४ टन कोळसा मावतो. एकूण १०४ टन चार आसांवर विभागले जात असल्याने प्रत्येक आसावर २६ टन भार येतो. एर्मेलो येथे शंभर-शंभर वाघिणींच्या दोन गाड्या जोडून दोनशे वाघिणींची, सुमारे २·५ किमी. लांबीची गाडी तयार करण्याची पद्धत रूढ झाली. अशी गाडी एका खेपेत १६,८०० टन कोळसा नेते.

हे साधले ते प्रामुख्याने बोगीच्या (चाके व आस धरणाऱ्या सांगाड्याच्या) सुधारणेमुळे. लोहमार्गाची चाके किंचित शंक्वाकार असतात आणि त्यामुळे वळणावर त्यांची जोडी आपोआप वळू पाहते. परंतु आस ताठ जखडले तर चाकांच्या कडा रुळाला घासून दोन्ही झिजतात आणि ते मोकळे सोडले तर सरळ मार्गावर वेग वाढताच चाके नागमोडी हेलकावू लागतात. दक्षिण आफ्रिकी रेल्वेतील अभियंता हर्बर्ट शेफेल यांनी १९७० च्या दशकात बोगीतील दोन्ही आस तिरप्या दुव्यांनी एकमेकांना जोडले. परिणामी आस वळणाबरोबर वळतात, पण हेलकावे दबून राहतात. चाकांच्या कडांची झीज यामुळे इतकी घटली, की शेफेल बोगी हा या मार्गाचा खरा पाया मानावा लागतो. एंजिनांची अश्वशक्ती त्यामानाने दुय्यम ठरते.

एर्मेलो सुमारे १,७०० मी. उंचीवर असल्याने भरलेली गाडी बव्हंशी उतारावरून जाते. आखणीतही हा फरक पाळला असून भरलेल्या गाडीच्या दिशेने कमाल चढ १६० त १, तर रिकाम्या गाडीच्या दिशेने ६६ त १ ठेवला आहे. एर्मेलोच्या पूर्वेस २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती व पश्चिमेस ३ किलोव्होल्ट एकदिश विद्युत् प्रवाह असल्याने तेथे एंजिने बदलावी लागत. दोन्ही प्रवाहांवर चालणारी १९ई मालिका २००९ पासून आल्यावर ही गरज कमी झाली. ओव्हरवाल येथील एकेरी बोगदा मात्र अडसर राहिला आहे. बंदरावर वाघिणी न सोडवताच उलट्या करून रिकाम्या केल्या जातात, कारण त्यांच्या जोडण्या स्वतःभोवती फिरू शकतात.

निर्यातीचा उच्चांक २०१७ मध्ये सुमारे ७·६५ कोटी टन होता. २०२३ मध्ये ती सुमारे ४·७२ कोटी टनांवर आली. तांब्याच्या तारांची चोरी, एंजिनांचा तुटवडा व सुट्या भागांचा अभाव, घसरलेल्या गाड्या, २०२२ चा संप अशी कारणे दिली जातात. एंजिनखरेदीच्या वादग्रस्त कराराचा त्यातील वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. २०२४ मध्ये निर्यात काहीशी सावरली.

भारत या कोळशाचा मोठा ग्राहक असून स्पंज लोखंडाचे कारखाने तो विशेषत्वाने वापरतात.

इतर मालगाड्या या मार्गावरून हटवण्यासाठी लोथेर येथून एस्वातिनीमार्गे पर्यायी जोडमार्गाचा प्रस्ताव आहे.