‘असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ : धाराशिव परतले, वऱ्हाड अडकले

१/७
एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दप्तरांत ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. आज तो वापरातून गेला आहे. मात्र धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हाती जाऊनही निजामाकडे कसा परतला, हे समजण्यासाठी त्याचा अर्थ पाहावा लागतो.

२/७
मुलूख ‘तोडून देणे’ आणि मुलूख ‘लावून देणे’ यांत मोठा फरक आहे. तोडून दिला की मालकी संपली. लावून दिला, तर केवळ त्याचा वसूल ठरावीक खर्चासाठी दुसऱ्याकडे जातो. धनी तोच राहतो. इंग्रजीतील ‘सीड’ म्हणजे तोडून देणे, तर ‘असाइन’ म्हणजे लावून देणे.

३/७
वाद होता हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा. अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. पगार थकले, कंपनीने रकमा पुरवल्या आणि निजामाच्या डोक्यावर कर्ज साचले. गव्हर्नर जनरल डलहौसीला त्या बदल्यात मुलूख कायमचा हवा होता. निजाम नासिर-उद-दौला मालकी सोडण्यास राजी नव्हता.

४/७
अखेर 21 मे 1853 च्या तहात वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूख ‘असाइन’ झाला. कंपनीने दरवर्षी हिशेब द्यावा आणि खर्च भागून उरलेली रक्कम निजामाला द्यावी, असे ठरले.

५/७
नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार मेडोज टेलरकडे आला. 1839 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक तो हाच. 1857 मध्ये त्याची वऱ्हाडात बदली झाली.

६/७
1857 च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. 1860 च्या तहाने त्याचे फळ मिळाले : धाराशिव आणि रायचूर दोआब परत आले, शोरापूर मिळाले, 50 लाखांचे कर्ज माफ झाले. कापूस पिकवणारे वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. 1902 मध्ये तर ते वार्षिक 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले गेले.

७/७
परिणामी धाराशिव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राजवटीत राहिले, तर वऱ्हाडावर इंग्रजी अंमल चालला. तहातील शब्द दोघांसाठी एकच होता. त्या शब्दाने निजामाचा हक्क कागदावर जिवंत ठेवला. तो कुठे मान्य करायचा आणि कुठे नाही, हे मात्र बलवानाने ठरवले.