फीतपेटी शोधणारा यांत्रिक हात

ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तक तिसऱ्या कपाटात असते. प्रत्यक्षात तेथे ते सापडत नाही. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. संगणकाच्या इतिहासातही हाच प्रश्न उभा राहिला.

मोठ्या संगणक केंद्रांत माहिती चुंबकीय फितींवर साठवत. हवी ती फीत मांडणीवरून काढून यंत्रावर चढवण्याचे काम माणसे करीत. १९७४ मध्ये आयबीएम कंपनीने ३८५० ही यंत्रणा जाहीर केली. तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खण होते. प्रत्येक खणातील फीतपेटीत ५ कोटी अक्षरे मावत आणि ती काढण्या-ठेवण्याचे काम यंत्रच करी. पुढे १९८७ मध्ये स्टोरेजटेक कंपनीने बारा बाजूंची एक कणगीच बाजारात आणली. तिच्यात सुमारे ६,००० फीतपेट्या राहत. मधला यांत्रिक हात कॅमेऱ्याने पेटीवरची चिठ्ठी वाचून पेटी उचली.

या हाताला आज्ञा देणारी आज्ञावली कशी असते? संगणक व जोडयंत्रे यांच्यातील संवादासाठी १९९४ मध्ये संमत झालेल्या स्कझी-२ या मानकात चार प्रकारच्या जागा मानल्या आहेत: हात, खण, फीत वाचणारे यंत्र आणि आत-बाहेर करण्याचे दार. प्रत्येक जागेला क्रमांक असतो. मुख्य आज्ञा तीनच: पेटी या जागेवरून त्या जागेवर ने, कोठे काय आहे ते सांग, आणि सर्व जागा पुन्हा तपास.

पहिली आज्ञा सोपी वाटते. पण पेटी हलवताना वीज गेली, किंवा कोणी दार उघडून पेट्या हाताने बदलल्या, तर यादी खोटी ठरते. म्हणून तिसरी आज्ञा लागते. शिवाय फितीच्या आरंभीही तिचे नाव लिहिलेले असते. ते बाहेरच्या चिठ्ठीशी जुळले नाही, तर काळजीपूर्वक लिहिलेली आज्ञावली तेथेच थांबते; कारण चुकीच्या फितीवर लिहिले, की जुना मजकूर कायमचा जातो.

या काळजीचे मोल किती, ते फेब्रुवारी २०११ मध्ये दिसले. आज्ञावलीतील दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्यातून सुटल्या नाहीत. अखेर ती पत्रे फितींवरून परत मिळवण्यात आली. नेमकी फीत सापडली नसती, तर ती असून नसल्यासारखीच झाली असती.

वर्गात दहा काडेपेट्यांना क्रमांक देऊन हा खेळ करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याने यादी ठेवावी, दुसऱ्याने आज्ञेप्रमाणे पेट्या हलवाव्यात, आणि मध्येच आपण गुपचूप दोन पेट्यांची अदलाबदल करावी. चूक किती आज्ञांनंतर उघडकीस येते, ते मुलांनाच मोजू द्यावे.