पणजीचे पान

सावनेर म्हटले की मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात. 23 जानेवारी 1919 रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. थोरांची नोंद अशी तिथीवारासह राहते. पण याच गावच्या एखाद्या घरात ‘आमची पणजी दुष्काळात पोरकी झाली आणि पुढे केडगावी रमाबाईंच्या आश्रमात काम करी,’ एवढीच आठवण उरली असेल, तर तिचा माग कसा काढावा?

आरंभ 1896-97 च्या दुष्काळापासून करावा. सावनेर तेव्हा मध्य प्रांतात होते, आणि त्या प्रांताला दुष्काळाने होरपळून काढले होते. पंडिता रमाबाई स्वतः त्या प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व बालविधवा यांना घेऊन पुण्यास परतल्या. 1889 साली मुंबईत निघालेले शारदासदन तेव्हा पुण्यात होते. ते इतक्या लेकरांना कसे पुरावे? पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावी रमाबाईंनी जमीन घेतली होती. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. 1899-1900 च्या दुष्काळात तिथली वस्ती हजारावर गेली.

एवढ्या संसाराला नोकरचाकर कोठून आणणार? दळणकांडण, स्वयंपाक, विणकाम, धाकट्यांचा अभ्यास हे सारे मुलींनीच उचलले. काल आश्रयाला आलेली पोर उद्या मास्तरीण होई. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही याच बायका. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्याच हातून छापले गेले.

माग काढताना खरी अडचण नावाची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ चालते ती बहुधा पुरुषांच्या नावाने. एकट्या पोरीला तिथे पान कोठले? ज्या मुली ख्रिस्ती झाल्या, त्यांपैकी कित्येकींचे नाव बाप्तिस्म्याने पालटले असेल, आणि लग्नाने आडनाव. मात्र 1872 च्या कायद्याने ख्रिस्ती विवाहाची नोंद ठेवावी लागे. म्हणून लग्न जेथे लागले त्या गावच्या चर्चची नोंदवही आधी पाहावी, आणि तेथून मागे मागे जावे.

पण कागदाआधी माणसे गाठावीत. पुष्कळ घरांत ‘दुष्काळातली पोर’ हा शब्द दबल्या आवाजात उच्चारतात. त्यात कमीपणा कसला? जी उपाशी आली ती शिकली, आणि दुसऱ्यांच्या लेकरांना तिने शिकवले. वाचकहो, या दिवाळीत घरातल्या वृद्ध बाईजवळ घटकाभर बसा आणि तिच्या आजीचे माहेरचे नाव विचारून लिहून ठेवा. लक्ष्मीपूजनाला आपण जमाखर्चाची वही पुजतो. तिच्याशेजारी ही वहीही शोभेल.