फलाटावर उभं राहून लोकलचं तिकीट मोबाइलवर का निघत नाही?

मुलुंडहून बोरिवलीला रेल्वेने जायचं तर पूर्वी दादरला जाऊन गाडी बदलावी लागायची. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि हा वळसा वाचला. घाटकोपरपर्यंत लोकल, अंधेरीपर्यंत मेट्रो, पुढे पुन्हा लोकल.

पण या एकाच प्रवासात तिकिटाचे दोन उलट नियम भेटतात. मेट्रोचं क्यूआर तिकीट मी अगदी गेटसमोर उभा राहून काढतो. लोकलचं पेपरलेस तिकीट मात्र स्टेशनात शिरलं की निघत नाही.

फरक आहे गेटचा. मेट्रोत स्कॅन केल्याशिवाय आत जाताच येत नाही. लोकलला गेट नाही, तपासायला टीसी असतो. फलाटावर बुकिंग चालू ठेवलं, तर टीसी दिसेपर्यंत तिकीट कोण काढेल? म्हणून रेल्वेचं ॲप (आधी यूटीएस, नंतर रेलवन) जीपीएसवरून तुमची जागा बघतं. स्टेशन आणि रुळांभोवती नकाशावर एक कुंपण आखलेलं असतं. त्याच्या आत असाल तर ॲप सरळ नकार देतं. याला जिओफेन्सिंग म्हणतात.

उंच इमारतींमध्ये, छपराखाली जीपीएस काही मीटर चुकतं. मग तुम्ही बाहेर असूनही ॲपला आत दिसता! म्हणून मी बोरिवलीचं तिकीट मेट्रोतच, चकाल्याच्या आसपास काढून ठेवतो. विनातिकीट सापडलात तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. ‘ॲप चालेना’ ही सबब टीसी ऐकत नाही. आत जाऊन अडकलात तर गाडी पकडण्याआधी एटीव्हीएम गाठा.