रूपविकारी : एका ‘ताऱ्या’ची ओळख

वर्गीकरण करताना आपण वस्तूविषयी काही सांगतो की आपल्या पाहण्याविषयी, हा प्रश्न वाङ्मयप्रकारांची चर्चा करणाऱ्यांना नवा नाही. खगोलशास्त्राच्या इतिहासातील ‘बीएल लॅसर्टी’ या तथाकथित ताऱ्याची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

१९२९ साली जर्मनीतील कूनो हॉफमाइस्टर यांना लॅसर्टा या लहानशा तारकासमूहात तेज कमीजास्त होणारा एक प्रकाशबिंदू आढळला. अशा ताऱ्यांना मराठीत ‘रूपविकारी’ अशी अर्थवाही संज्ञा आहे. प्रचलित पद्धतीनुसार दोन अक्षरे आणि तारकासमूहाचे नाव जोडून त्याचे नामकरण झाले व तो सूचीत दाखल झाला. तेज बदलते, हे निरीक्षण अचूकच होते. मात्र बिंदूसारखा दिसतो तो ताराच, हे गृहीतक त्या नोंदीबरोबर नकळत आत आले.

१९६८ मध्ये जॉन श्मिट यांनी दाखवून दिले की एक प्रबळ रेडिओ-स्रोत नेमका याच जागी आहे. सामान्य ताऱ्याकडून असे रेडिओ-उत्सर्जन अपेक्षित नसते. वर्णपट तर अधिकच बुचकळ्यात टाकणारा होता. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या क्वेसारचे कोडे सोडवले, तेव्हा रेषा होत्या. त्या सरकलेल्या असल्याने ओळखू येत नव्हत्या, इतकेच. येथे वाचण्यासाठी रेषाच दिसत नव्हत्या. संहिता समोर, पण अक्षर एकही नाही!

उलगड्याची युक्ती विलक्षण होती. १९७४ मध्ये ओक आणि गन यांनी पालोमार येथील दुर्बिणीतून पाहताना मधला तेजस्वी बिंदू झाकला आणि भोवतालच्या अंधूक वलयाचा वर्णपट घेतला. त्यात दीर्घिकेतील ताऱ्यांच्या रेषा मिळाल्या. ताम्रसृती सुमारे ०.०७, म्हणजे अंतर अदमासे ९० कोटी प्रकाशवर्षे! या निष्कर्षावर प्रथम वादही झाला. पुढील निरीक्षणांनी तो पक्का केला.

आज आपण जाणतो की हे एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेचे केंद्र आहे. तेथील महाकाय कृष्णविवराच्या परिसरातून निघणारा कणांचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला आहे. त्याच्या तेजात दीर्घिकेच्या रेषा बुडून जातात. म्हणजे या वस्तूचे ‘तारा’ भासणे हे बऱ्याच अंशी आपण कोठून पाहतो यावर अवलंबून होते. हाच झोत बाजूने पाहणाऱ्याला बहुधा रेडिओ-दीर्घिका दिसली असती.

गंमत अशी की, नाव बदलले नाही. उलट, अशा वस्तूंच्या संपूर्ण वर्गालाच या ‘ताऱ्या’चे नाव मिळाले. हॉफमाइस्टर यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या साधनांना जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. पण सूचीतील नोंद हा शोधाचा शेवट मानला गेला असता, तर ही दीर्घिका आजही तारा म्हणूनच राहिली असती. वाङ्मयाच्या इतिहासात एकदा ठरलेल्या वर्गात निमूट पडून असलेल्या कृतींकडे परत जाताना हे ध्यानी असावे. कधी कधी सर्वांत झळाळणारा भाग क्षणभर झाकावा लागतो.