प्रतिज्ञेतून गळालेले शब्द

शाळेच्या मैदानावर हात पुढे करून मी अनेक वर्षे प्रतिज्ञा म्हटली, आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांकडून म्हणवून घेतली. त्या प्रतिज्ञेत 'बांधव' हा शब्द आहे. तो उच्चारून झाला की आम्ही काही बांधव पाण्याच्या हौदापासून दूर उभे राहत असू, वरून कोणी ओतील याची वाट पाहत. म्हणून अशा मजकुरात काय लिहिले आहे याआधी काय गाळले आहे, हे शोधण्याची मला खोड लागली. अमेरिकेच्या ध्वजप्रतिज्ञेची हकिकत मी त्याच खोडीने वाचली.

१९ जून २०११ रोजी वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे गोल्फच्या यू. एस. ओपन स्पर्धेचा अखेरचा दिवस होता. एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने प्रक्षेपणाच्या आरंभी शाळकरी मुले प्रतिज्ञा म्हणत असल्याची दृश्ये दाखवली. त्यातून 'ईश्वराच्या अधीन' या अर्थाचे दोन शब्द कापले गेले होते. प्रेक्षक खवळले. खेळ चालू असतानाच निवेदकाला पडद्यावरून माफी मागावी लागली. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या कापाकापीत 'अविभाज्य' हा शब्दही गेला होता. यादवी युद्धात लाखो माणसे मेल्यानंतर त्या देशाला मिळालेला तो शब्द. पण गदारोळ झाला तो देवासाठी.

वास्तविक हा देव त्या प्रतिज्ञेत मुळात नव्हताच. फ्रान्सिस बेलामी याने ती लिहिली आणि ८ सप्टेंबर १८९२ रोजी 'यूथ्स कम्पॅनियन' या नियतकालिकात ती छापली गेली. बेलामी बाप्टिस्ट धर्मोपदेशक होता, ख्रिस्ती समाजवादी म्हणवून घेत होता. तरी त्याला प्रतिज्ञेत ईश्वराची गरज भासली नाही. स्वातंत्र्य आणि न्याय हे दोन शब्द त्याने घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीची त्रयी त्याच्या डोळ्यांपुढे होती, समता आणि बंधुता घालण्याचा विचारही त्याने केला होता. परंतु त्या गोष्टी प्रत्यक्षात यायला फार अवकाश आहे, असे ठरवून त्याने त्या सोडून दिल्या.

त्याचा हिशेब व्यवहारी होता, हे कबूल केले पाहिजे. त्याच वर्षी, ७ जून १८९२ रोजी, न्यू ऑर्लिन्स येथे होमर प्लेसी गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला म्हणून पकडला गेला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळून 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्का मारला. म्हणजे पुढची अर्धी शताब्दी निग्रो मुले वेगळ्या शाळेत, मोडक्या बाकांपाशी उभी राहून 'सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय' म्हणत राहिली. समता गाळल्याबद्दल त्यांची माफी कोणी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता १९५४ हे साल पाहा. ७ फेब्रुवारीला जॉर्ज डोकर्टी या पाद्र्याने राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर समोर बसलेले असताना प्रवचन दिले. त्याचा मुद्दा असा होता की, ही प्रतिज्ञा मॉस्कोतली मुलेही आपल्या झेंड्यापुढे म्हणू शकतील, मग अमेरिकेचे वेगळेपण ते काय? १७ मे रोजी ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. आणि त्यानंतर चारच आठवड्यांनी, १४ जूनला, आयसेनहॉवर यांनी प्रतिज्ञेत ईश्वर घालणाऱ्या कायद्यावर सही केली. तो कायदा ब्राऊन निकालाला उत्तर म्हणून केला, असे मी म्हणणार नाही; त्याचे कारण साम्यवादाची भीती हेच होते. पण शब्द वाढवायचाच होता तर न्यायालयाने नुकताच उच्चारलेला शब्द समोर पडला होता. काँग्रेसला तो दिसला नाही. देवाला प्रतिज्ञेत बसवायला कोणाच्या शेजारी बसावे लागत नाही. समतेचे तसे नसते.

आपल्याकडेही हा प्रयत्न झाला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी दुरुस्ती मांडली. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. उद्देशिकेत देव आला नाही. समता आणि बंधुता मात्र राहिल्या. एक्केचाळीस मते काही थोडी नव्हेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. पुढे १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिलेली शाळेची प्रतिज्ञाही देवावाचूनच उभी आहे. माझ्या हौदाचा राग त्या शब्दांवर नाही, म्हणवून घेणाऱ्यांवर आहे.

त्याच १९५४ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवरून बाबासाहेबांचे भाषण झाले. विषय होता, माझे जीवनविषयक तत्त्वज्ञान. स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत ते सामावले आहे, असे त्यांनी सांगितले. आणि हे शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहेत, असेही. बेलामीने अजून अवकाश आहे म्हणून ठेवून दिलेले दोन्ही शब्द त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून घरोघर गेले.